वय झालं नाही ताई, मारिओच जोरात पळतोय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पंचवटीत माहेरी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर तुमचा नि तुमच्या भावाचा जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक बंदूक, चार कॅसेट. गंगापूर रोडला घरी आणून एलईडी टीव्हीला लावला, तर नुसत्या मुंग्या. मग मोबाईलवर मारिओ उतरवून घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलात. नऊ वर्षांचा मुलगा हसला. आता विचारताय की मशीन दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, नव्या टीव्हीवर चालेल का, त्यातल्या कुठल्या गेम आज खेळाव्यात. आणि शेवटी हळूच एक ओळ: "माझंच वय झालंय का?"

शेवटापासून सुरुवात करतो. वय झालेलं नाही. मोबाईलवरचा मारिओ खरोखरच जास्त वेगाने पळतो.

रविवार कारंजाजवळ माझा टीव्ही दुरुस्तीचा गाळा आहे. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याची सुट्टी लागली की टेबलावर टीव्ही कमी आणि गेमची मशीन जास्त, अशी अवस्था असायची. त्यामुळे या विषयावर मी जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आपण ज्याला "टीव्ही गेम" म्हणायचो ते मशीन मूळचं जपानचं. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम नावाने बाजारात आणलं, मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य अभियंता. आपल्याकडे आलं ते मात्र बहुतेक अस्सल नव्हे. तैवानमध्ये त्याच्या चिपांची नक्कल झाली आणि त्या चिपांवर बनलेली मशीन लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी घराघरात पोचली. निन्टेंडो हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं होतं तेव्हा? मी तरी नाही.

आता गोम इथे आहे. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. आणि या गेम घड्याळ बघून चालत नाहीत, चित्रं मोजून चालतात. एक चित्र झालं की मारिओ अमुक इतका पुढे, पुढचं चित्र झालं की आणखी इतका पुढे. कॅसेटमधला प्रोग्रॅम जपान-अमेरिकेसाठी लिहिलेला, म्हणजे साठच्या हिशेबाचा. तो आपल्याकडच्या पन्नासच्या मशीनमध्ये घातला की सगळा कारभार पाच-षष्ठांश वेगाने चालणार. शत्रू हळू, गोळी हळू, गाणंही रेंगाळत.

मारिओच्या वर कोपऱ्यात ४०० पासून उतरणारा आकडा आठवतो? तो सेकंद नाही. दर २४ चित्रांनंतर तो एकाने कमी होतो. साठच्या हिशेबाने ४०० संपायला १६० सेकंद लागतात, आपल्या मशीनवर १९२. म्हणजे एका स्टेजमागे आपल्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ फुकटात मिळत होता. खड्डा तेवढाच रुंद, उडी तेवढीच लांब. बटण दाबायचा क्षण फक्त लवकर येतो. तुमचा अंगठा पन्नासवर शिकलाय. तो बरोबर वेळेवर दाबतोय हो, जुन्या वेळेवर!

गाण्याची गंमत तर वेगळीच. युरोपात जी अधिकृत पन्नासची मशीन विकली गेली, त्यांत प्रोसेसरही मंद होता, १.६६ मेगाहर्ट्झचा. त्यामुळे तिथे सूरही खाली उतरला. नक्कल करणाऱ्यांनी प्रोसेसर १.७७ वर ठेवला, मूळच्या १.७९ च्या जवळ. म्हणून आपल्याकडे पट्टी जवळपास तीच राहिली, लय तेवढी संथ झाली. शिवाय यातल्या बऱ्याच चिपांमध्ये आवाजाच्या लहरीच्या दोन सेटिंग्जची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे मूळ मशीनवर पातळ वाजणारा सूर आपल्याकडे भरीव वाजायचा आणि भरीव होता तो पातळ. कोजी कोंडो यांनी बांधलेली मारिओची धून जपानी पोरांनी ऐकली तशी तुम्ही लहानपणी ऐकलीच नाही. तुमच्या कानात बसलीय ती या नकली मशीनची.

म्हणून मोबाईलवरच खेळायचं असेल, तर एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या ॲपच्या, सेटिंगमध्ये रीजन शोधा. काही चांगल्या एम्युलेटरांत एनटीएससी (जपान-अमेरिकेची साठची पद्धत) आणि पाल यांच्यासोबत "डेंडी" असा तिसरा पर्याय असतो. डेंडी म्हणजे १९९२ पासून रशियात विकलं गेलेलं असंच तैवानी पोटातलं मशीन. तो पर्याय निवडा आणि मारिओ सुरू करा. दोन मिनिटांत माहेरी पोचाल. काचेवर बोट घासून खेळण्यात मजा नाही हे खरंच, पण निदान वेग तरी आपला मिळेल.

मशीन दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? आहे, पण आधी हात आवरा. तुम्ही कुठला अडाप्टर लावला ते लिहिलेलं नाही, आणि मला धास्ती त्याचीच आहे. मूळ फॅमिकॉमच्या अडाप्टरला पिनच्या आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं. वायफायच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या अडाप्टरला बहुतेक वेळा बरोबर उलटं. नकली मशीनमध्ये तर दोन्ही प्रकार पाहिलेत मी. पिन भोकात बसली म्हणजे अडाप्टर जुळला असं होत नाही. गेल्या पावसाळ्यात सिडकोतून एक दादा असंच मशीन घेऊन आले. वीस वर्षं जपलेलं, खोक्यासकट. घरातला बारा व्होल्टचा अडाप्टर लावला, लाल दिवा लागला नाही, म्हणून "कनेक्शन ढिलं असेल" असं समजून दहा मिनिटं तसंच ठेवलं. उघडलं तर बोर्डावरच्या काळ्या थेंबाला तडा. त्या थेंबाखालीच सगळं मशीन असतं, ती चिप वेगळी मिळत नाही. मी मशीन बंद करून हातात दिलं. पैसे कुठल्या तोंडाने घ्यायचे?

तेव्हा मशीनच्या बुडाला काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक नऊ व्होल्ट डीसी असेल. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो नवाचे पाच करतो. मल्टीमीटर असेल तर त्याच्या मधल्या आणि तिसऱ्या पायावर पाच व्होल्ट येतात का बघायचं. येत असतील तर अर्धी लढाई जिंकलात. चित्रात आडव्या लाटा किंवा आवाजात घरघर असेल तर कपॅसिटर वाळलेत. ते दोन-चार रुपयांचं काम आहे, कुठलाही जुना मेकॅनिक करून देईल.

कॅसेट फुंकू नका. माहीत आहे, नाशिकमधल्या प्रत्येक पोराची ही विद्या होती. फुंकलं की चालायचंही. पण चालायचं ते फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. पिना नव्या जागी घासल्या जायच्या, इतकंच. तोंडातल्या ओलाव्याने मात्र तांबं हिरवं पडायचं. एमजी रोडला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए मिळतं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कानाच्या काडीला लावून कॅसेटच्या साठही पिना दोन्ही बाजूंनी पुसा. काडी काळी निघेल, काळी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा. फारच गंज असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. सँडपेपर लावणाऱ्याला मात्र माझ्या दुकानात प्रवेश नाही.

रिमोटची बटणं दाबली जात नसतील तर पाठीमागचे स्क्रू काढा. आत रबराच्या टोप्या असतात, त्यांच्या पोटाला काळा कार्बन. बोर्ड आणि कार्बन दोन्ही कोरड्या कापडाने पुसले की दहातली आठ बटणं जागी होतात. उरलेली दोन वायरीची भानगड. भावाबहिणींनी ओढाओढी केलेली वायर रिमोटच्या तोंडाशीच तुटते. तुमची तिथेच तुटली असणार, पैज लावतो.

आता एलईडीवरच्या मुंग्या. तुम्ही बहुधा अँटेनाची वायर लावली. तशी लावली की टीव्हीला ॲनालॉग चॅनेल शोधायला सांगावं लागतं, आणि शोधताना मशीन चालू, कॅसेट आत, असं पाहिजे. नाहीतर त्याला सापडणार काय? त्यापेक्षा मशीनच्या बाजूला पिवळं भोक आहे का बघा. असलं तर तो एव्ही, तोच वापरा. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच छिद्र असतं, त्याची जोडवायर मिळते. चित्र आलं पण ब्लॅक अँड व्हाइट आलं, तर मशीन एनटीएससी आहे. टीव्हीत कलर सिस्टीम बदला. पूर्वी असं मशीन घेऊन लोक तावातावाने यायचे, "रंगीत म्हणून घेतला आणि रंगच नाही." तेव्हाचे बरेच टीव्ही फक्त पाल समजायचे, आमच्या हातात काही नसायचं.

चित्र आल्यावर दुसरी अडचण सुरू होईल, ती डोळ्यांना दिसत नाही. बटण दाबलं आणि मारिओने उडी मारली यात क्षणभर फट जाणवेल. हे मशीन साधं, प्रत्येक वेळी पूर्ण चित्र देणारं. बऱ्याच नव्या टीव्हींना वाटतं की चित्र अर्धं-अर्धं येतंय, म्हणून ते पुढच्या अर्ध्याची वाट बघतात, जोडतात, मोठं करतात, घासूनपुसून दाखवतात. यात पाच-सहा चित्रं मागे पडली तर पन्नासच्या हिशेबाने १०० ते १२० मिलिसेकंद गेले. खड्ड्यात पडायला तेवढे पुरतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावा. फट कमी होते, पूर्ण जात नाही.

पूर्ण घालवायची तर डब्बा टीव्ही पाहिजे. सिग्नल आला की तो त्याच क्षणी काचेवर उमटतो, मध्ये विचार करणारं कोणी नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात अजून अधूनमधून चौदा इंची दिसतो, कुणाच्या तरी वाड्यातून निघालेला. मी स्वतः त्यासाठी दर बुधवारी दुपारी चक्कर मारतो. आणलात तर मागचं झाकण मात्र उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबवर २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ दबा धरून बसतात. जाता जाता एक कबुली. "गेम खेळून टीव्हीची ट्यूब जाते" असं सगळे आईबाप म्हणायचे. तासन्‌तास एकच आकडा एका जागी राहिला तर काचेवर त्याचा पुसट डाग पडू शकतो, त्यापलीकडे त्यात तथ्य नव्हतं. पण आम्ही मेकॅनिक लोकांनीही तो समज खोडून काढण्याची फारशी घाई केली नाही.

बंदुकीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मुलगा पहिल्यांदा तीच उचलेल. एलईडीवर डक हंट गेममधली बदकं मरणार नाहीत. बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या नळीत फक्त उजेड ओळखणारा डोळा आहे. घोडा ओढला की एक क्षण पूर्ण पडदा काळा होतो, पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक, म्हणजे कुठलं मेलं तेही कळतं. १९८४ ची ही डोकॅलिटी बघा! पण एलईडीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर मशीनने विचारून झालेलं असतं आणि बंदूक "दिसलं नाही" म्हणून मोकळी. मग कुत्रा हसतो. डब्बा टीव्ही मिळाला तरच बंदूक काढा.

आता कुठल्या गेम. कॅसेटवर ९९९९९९९ इन १ लिहिलेलं असेल तर मनावर घेऊ नका, आत पाच-दहा गेम आणि त्याच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या स्टेजपासून.

मुलासोबत बसायचं तर पहिली टँक लावा. मारिओ नाही. मारिओ एकेकट्याने खेळायचा, तुमचा चान्स चालू असताना तो मोबाईल उघडेल. टँक दोघांची एकत्र. नामकोची १९८५ ची बॅटल सिटी ती हीच. आपल्याकडे बहुतेक कॅसेटांवर तिचीच कुणीतरी फेरफार केलेली टँक १९९० असायची, पाण्यावरून जायला होडी देणारी. मूळ गेममध्ये एका स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे येतात, त्यातला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकतो. त्याला मारलं की बक्षीस पडतं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी नुसता गोळ्या झाडायचो. कळल्यावर मोजायला लागलो आणि खेळच बदलला. फावडं मिळालं की घुबडाभोवतीच्या विटा काही वेळ पोलादाच्या होतात. घुबड नाही ते, गरुड आहे, पण आपल्या गल्लीत त्याला घुबडच म्हणायचे. एकाने घुबडापाशी थांबायचं, दुसऱ्याने वर जायचं, आणि थांबणाऱ्याला पाच मिनिटांत कंटाळा येऊन तोही वर जायचा. मग मागे काय होतं ते तुम्हाला आठवत असेलच. जोडीदाराला चुकून गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच थिजतो. भावाने ते "चुकून" किती वेळा केलं?

त्यानंतर कॉन्ट्रा. इथे रागवायची तयारी ठेवा, गेम निर्दयी आहे. एक गोळी लागली की एक लाइफ खलास. तिसऱ्या स्टेजला धबधब्यावर चढताना पुढचा उड्या मारत वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. मशीनमध्ये काही बिघाड नाही, मुलाला थांबायला शिकवा. तीस लाइफ पाहिजेत तर नाव येताना वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए, मग स्टार्ट. ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ च्या ग्रेडियससाठी ठेवली होती, कारण स्वतःचीच गेम तपासताना त्यांना ती पार करता येईना. करणाऱ्यालाच येत नव्हती म्हटल्यावर आपण लाजायचं कारण नाही. गर्दी झाली की गोळ्या आणि माणसं लुकलुकतात, त्याचीही तक्रार घेऊन लोक यायचे. चित्राच्या एका आडव्या रेषेत हे मशीन हलणारे आठच तुकडे दाखवू शकतं, नववा आला की प्रोग्रॅम आळीपाळीने लपवतो.

मारिओ तिसऱ्या नंबरवर, पण तोही खेळायला नाही, आधी बघायला. मुलाला सांगा, अख्खी गेम ४० किलोबाइटची आहे, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा लहान, आणि तिच्यात ३२ स्टेज आहेत. मग विचारा, जागा कुठे वाचवली असेल? पहिल्याच स्टेजमध्ये वरचा ढग आणि खालचं झुडूप नीट बघायला लावा. आकार एकच आहे, रंग बदललाय. माझ्या पुतण्याने हे पाहिलं आणि पुढचा अर्धा तास तो खेळलाच नाही, नुसता असल्या चोऱ्या शोधत होता. "बोअर" म्हणणारं पोर यानेच गळाला लागतं. आणि तुमच्यासाठी एक: सगळे चान्स संपले तर पहिल्यापासून नको. सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरा आणि स्टार्ट मारा, ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होईल. हे मला फार उशिरा कळलं. लोडशेडिंगच्या दिवसांत त्याचाही उपयोग नव्हता म्हणा, वीज गेली की सगळंच गेलं.

बाकीच्यांत बलून फाइट संध्याकाळच्या पंधरा मिनिटांसाठी उत्तम. तिचा प्रोग्रॅम लिहिणारे सातोरू इवाता पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. एक्साइटबाइक ठीक. रोड फायटर आठवणीतच ठेवा, दहा मिनिटांत संपते. सर्कसवाली मला तेव्हाही आवडत नव्हती.

मशीन दाखवायला आणायचं ठरलं तर अडाप्टर, दोन्ही रिमोट आणि चारही कॅसेट घेऊन या, आणि तोवर त्याला वीज देऊ नका. बुधवारी दुपारी मात्र येऊ नका, मी बाजारात असतो.